संगमरवरातली राणी

बाळाचं पहिलं अंगडं, जावळाची पुडी, पायातले इवलेसे वाळे. तुमच्या-माझ्या घरातल्या कुठल्या तरी ट्रंकेत, जुन्या साडीच्या घडीत असं काहीतरी जपून ठेवलेलं असतंच. मुलगा तिकडे बापाच्या खांद्याला लागतो, तरी आपण दिवाळीच्या आवराआवरीत ते वाळे हातात घेऊन दोन मिनिटं बसतो आणि मग कुणी हाक मारली की पटकन ठेवून देतो.

इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीनेही असंच जपलं होतं. ऐपत मोठी, म्हणून तिने जरा निराळं जपलं. तिने आपल्या बाळांचे हात आणि पाय संगमरवरात घडवून घेतले. कुणाचा मनगटापर्यंतचा हात, कुणाचं गुबगुबीत पाऊल. मखमलीच्या उशीवर ठेवलेले, वर काचेचा घुमट. वाइट नावाच्या बेटावर ऑस्बॉर्न हाउस म्हणून तिचं आवडतं घर होतं, तिथे हे हातपाय आजही बघायला मिळतात. बघणाऱ्याच्या अंगावर जरा काटाच येतो म्हणे. पांढरे, थंड, नुसतेच हात आणि पाय. पण नीट बघितलं तर मनगटावरची वळीसुद्धा दिसते. आई असलेल्या बाईला ती वळी लगेच ओळखू येते.

आता गंमत बघा. ह्याच राणीला तान्ही बाळं मुळीच आवडत नसत. नवजात मूल दिसायला बेडकासारखं असतं, असं तिचं मत होतं आणि ते तिने पत्रांतून लिहूनही ठेवलं. बाळंतपणाचा तर तिला मनस्वी तिटकारा. तरी सतरा वर्षांत नऊ मुलं झाली. जिवंत मुलापेक्षा दगडातलं मूल तिला जवळचं वाटत होतं की काय, कोण जाणे. एवढं मात्र खरं, की संगमरवराशी ह्या बाईचं नातं जन्मभर राहिलं. घरातही आणि राज्यातही.

तिचा जन्म २४ मे १८१९ रोजी लंडनच्या केन्सिंग्टन राजवाड्यात झाला. आठ महिन्यांची असताना वडील गेले. आई जर्मन, परक्या देशात विधवा झालेली, आणि तिच्या कारभारावर जॉन कॉनरॉय नावाच्या माणसाची सगळी हुकमत. पुढेमागे ही पोरगी राणी होणार हे त्या दोघांनी हेरलं आणि तिला अशी बांधून ठेवली की विचारू नका. झोपायचं आईच्याच खोलीत. जिना उतरायचा तर कुणाचा तरी हात धरूनच. बरोबरीच्या मुलींशी खेळणं नाही, एकटीने कुणाशी बोलणं नाही. आपल्याकडे मुलीच्या जातीला जे सांगतात त्यातलं निम्मं-शिम्मं तिलाही ऐकावं लागलं, फक्त राजवाड्यात.

२० जून १८३७ च्या पहाटे काका, म्हणजे राजे चौथे विल्यम वारल्याची बातमी घेऊन माणसं आली. मुलीला नुकतंच अठरावं पूर्ण झालेलं. राणी झाल्यावर तिने आईकडे पहिली मागणी काय केली असेल? तासभर मला एकटीला बसू द्या. आणि त्याच दिवशी तिने आपला पलंग आईच्या खोलीतून बाहेर काढायला लावला. मला तिचं राज्य तिथून सुरू झालं असं वाटतं. पुढच्या वर्षी, १८३८ च्या जून महिन्यात राज्याभिषेक झाला, तेव्हा धर्मगुरूंनी करंगळीच्या मापाची अंगठी शेजारच्या बोटात दाबून बसवली. नंतर ती काढायला राणीला बर्फाच्या पाण्यात हात बुडवून बसावं लागलं. मुकुट, मखमल, तोफा आणि सुजलेलं बोट!

आता प्रश्न असा, की पाच फुटांपेक्षाही बुटकी, अठरा-एकोणीस वर्षांची पोर. हनुवटी बारीक, वरचे दात थोडे पुढे. हिला राणी म्हणून लोकांनी ओळखायचं कसं? तेव्हा फोटो नव्हते, पेपरात चेहरे छापून येत नसत. नाण्यावर बाजूचा चेहरा असायचा, तेवढाच. राजा म्हटला की धिप्पाड पुरुष, घोड्यावर बसलेला, हातात तलवार, असं लोकांच्या डोळ्यांत बसलेलं. त्या जागी ही मुलगी बसवायची होती.

ते काम शिल्पकारांनी केलं. त्या काळातला नामांकित शिल्पकार फ्रान्सिस चँट्री ह्याने तिचा संगमरवरी अर्धपुतळा केला. हे काम चालायचं कसं, ते ऐकण्यासारखं आहे. राणी काही वेळा समोर येऊन बसायची. तेवढ्यात शिल्पकार मातीत चेहरा पकडायचा. मातीवरून प्लास्टरची प्रत निघायची. मग एक मोजणीचं साधन असे, सुईसारखं टोक असलेलं. त्याने प्लास्टरवरच्या एकेका बिंदूची खोली मोजायची आणि तेवढंच भोक संगमरवराच्या ठोकळ्यात पाडायचं. अशी शेकडो भोकं. मग हाताखालचे कारागीर छिन्नीने तेवढ्या खोलीपर्यंत दगड उतरवत जायचे. ज्याचं नाव पुतळ्यावर असे, तो मुख्य शिल्पकार बऱ्याचदा शेवटचा हात फिरवायलाच येई. गाल गुळगुळीत करायला, ओठांची कड काढायला. आपल्याकडे मोठ्या आचाऱ्याच्या हाताखाली कसे दहा जण पुऱ्या लाटतात आणि नाव आचाऱ्याचं होतं, तसंच.

त्यातली खरी मेख म्हणजे, चेहरा एकदा प्लास्टरमध्ये आला की त्यावरून हव्या तेवढ्या प्रती काढता येत. एक स्वतःच्या राजवाड्यात, एक पाहुण्या राजाला भेट, एक नगरपालिकेच्या सभागृहात. राणी एकच, पण ती एकाच वेळी दहा ठिकाणी हजर. आणि ती जिथे जाई तिथे अठरा-वीस वर्षांचीच असे. तिला सर्दी होत नसे, दिवस जात नसत, रात्रीची जागरणं होत नसत.

तिकडे खऱ्या राणीला मात्र दिवस जात होते. १० फेब्रुवारी १८४० रोजी तिचं मामेभाऊ अल्बर्टशी लग्न झालं. राणीला लग्नाची मागणी कोण घालणार? म्हणून ऑक्टोबर १८३९ मध्ये तिनेच त्याला विचारलं होतं. त्या लग्नात ती पांढरा पोशाख नेसली आणि तेव्हापासून पांढऱ्या गाऊनची जी पद्धत पडली ती अजून आहे. नऊ महिन्यांत पहिली मुलगी झाली. १८४४ साली रोममध्ये राहणारा जॉन गिब्सन हा शिल्पकार तिचा पूर्ण पुतळा करायला विंडसरला आला, तेव्हा ती पंचविशीची होती आणि चार लेकरांची आई झालेली होती. गिब्सनने केलेल्या पुतळ्यात ह्याचा मागमूस नाही. त्याने तिला प्राचीन ग्रीक बायकांसारखा चुणीदार झगा घातला, पायात तसेच जोडे दिले आणि वर तिला जणू देवतेच्या रांगेत नेऊन बसवलं. एवढंच नाही, तर झग्याच्या काठांना आणि मुकुटाला हलका रंगही दिला. त्यावर त्या वेळी चर्चा झाली. संगमरवर पांढराच हवा, रंग दिला तर तो जिवंत बाईसारखा वाटू लागतो, अशी जाणकारांची तक्रार होती. गिब्सनचं म्हणणं की जुने ग्रीकही रंग लावायचे. ते खरंही होतं.

आपल्याला ही पांढरेपणाची तक्रार जरा नवलाची वाटते. आपल्याकडे मकराण्याच्या संगमरवरातला राम असो की दुर्गा, ओठ लाल, डोळे काळेभोर, वर खरी साडी नि खरे दागिने. डोळे उघडल्याशिवाय मूर्तीत देव येत नाही, असं आपण मानतो. तिकडच्या अशा पुतळ्यांचे डोळे बहुतेक कोरेच ठेवत. बुबुळं नाहीत. समोर उभ्या राहिलेल्या माणसाला राणी दिसते, पण राणी आपल्याकडे बघतेय असं त्याला कधी वाटत नाही. सत्तेला असाच चेहरा सोयीचा असावा.

ते बाळांचे हातपाय घडवण्यासाठी राणीने एका बाईला बोलावलं होतं, तिची ओळख इथे करून द्यायला हवी. मेरी थॉर्नीक्रॉफ्ट तिचं नाव. बाप शिल्पकार, नवरा शिल्पकार, आणि स्वतः सात मुलांची आई. घरचं सगळं सांभाळून ती छिन्नी-हातोडा चालवायची. राणीच्या चार मुलांचे तिने चार ऋतू म्हणून पुतळे केले. ॲलिस म्हणजे वसंत, थोरली व्हिकी म्हणजे उन्हाळा, आल्फ्रेड शरद आणि युवराज बर्टी हिवाळा. राजघराण्यातली मुलं म्हणजे राज्याचं पुढचं पीक, हे त्यातून न बोलता सांगितलेलं. ह्याच मेरीने पुढे राणीच्या चौथ्या मुलीला, लुईझला, शिल्पकलेचे धडे दिले. लुईझ १८४८ सालची. हुशार, हट्टी, आणि सगळ्या बहिणींत देखणी. दगडकाम म्हणजे धूळ, घाम, पुरुषी मेहनत. राजकन्येने ते करावं हे आईला फारसं रुचणारं नव्हतं, पण मुलीचा हात चांगला आहे हेही तिला दिसत होतं. १८६८ साली लुईझचं नाव लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या सरकारी कलाशाळेत घातलं गेलं. राजाची मुलगी चार लोकांच्या शाळेत शिकायला जाते, ही तेव्हा बातमी होती.

पण त्याआधी राणीवर आभाळ कोसळलं होतं. १४ डिसेंबर १८६१ रोजी अल्बर्ट गेला. वय अवघं बेचाळीस. तीही बेचाळिसाचीच. त्या दिवसापासून तिने काळे कपडे घातले ते मरेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं. लोकांसमोर येणं बंद. पार्लमेंटच्या उद्घाटनाला नाही, मिरवणुकीला नाही. तिला कुणी पांढऱ्या लुगड्यात कोपऱ्यात बसवलं नव्हतं, केस काढले नव्हते. तिने तो कोपरा स्वतःच निवडला होता. आपल्याकडच्या त्या काळातल्या विधवांना निवड नव्हती आणि हिला होती. हा फरक विसरून तिच्याबद्दल फार हळहळणंही बरोबर नाही.

दुःखातही तिला संगमरवरच आठवला. विल्यम थीड ह्या शिल्पकाराने अल्बर्टचा अर्धपुतळा केला आणि मग तो घरातल्या माणसासारखा वागवला जाऊ लागला. मार्च १८६३ मध्ये युवराजाचं लग्न झालं. त्या वेळचा एक फोटो आहे. नवरा-नवरी उभे आहेत, नवी सून ॲलेक्झांड्रा नटलेली आहे, आणि सासूबाई मात्र काळ्या पोशाखात बसून दिवंगत नवऱ्याच्या संगमरवरी चेहऱ्याकडे बघताहेत. नव्या सुनेकडे नजरसुद्धा नाही. त्या मुलीला काय वाटलं असेल!

नवऱ्याचं दफन करण्यासाठी तिने विंडसरजवळ फ्रॉगमोरला समाधी बांधायला घेतली. त्यावर ठेवण्यासाठी कार्लो मारोकेटी ह्या शिल्पकाराला अल्बर्टचा निजलेला पुतळा सांगितला आणि त्याच वेळी स्वतःचाही करून घेतला. दोघं शेजारी-शेजारी, एका वयाची दिसावीत म्हणून. पुतळ्यातल्या तिची मान किंचित नवऱ्याकडे वळलेली आहे. अल्बर्टचा पुतळा जागेवर गेला. तिचा मात्र तयार होऊन वाट बघत राहिला. कारण बाई जिवंत होती आणि पुढे बरीच वर्षं जिवंत राहणार होती. तो पुतळा कुठे ठेवला, त्याचं पुढे काय झालं, ते शेवटी सांगते.

राणी घरात कोंडून घेऊन बसली, तर राज्य कसं चाललं? मंत्री होते, पार्लमेंट होतं, ते खरंच. पण लोकांना राणी दिसायला हवी होती, आणि ती दिसत होती दगडातून. विशेषतः आपल्याकडे. १८५७ चा उठाव चिरडल्यावर १ नोव्हेंबर १८५८ रोजी कंपनीचं राज्य संपून राणीचं सुरू झालं. जिने हिंदुस्थान कधी डोळ्यांनी बघितला नाही, शेवटपर्यंत इथे पाऊल ठेवलं नाही, ती आपली मालकीण झाली. मग ती इथे आली, बोटीतून, खोक्यात बंद होऊन.

मुंबईतला तिचा पुतळा बडोद्याच्या खंडेराव गायकवाड महाराजांनी पैसे देऊन करवून घेतला होता. लंडनच्या मॅथ्यू नोबलने तो घडवला. पांढराशुभ्र संगमरवर, सिंहासनावर बसलेली राणी, वर नक्षीदार छत्री. संस्थानिकांनी असे पुतळे का दिले, हे कळायला फार डोकं लागत नाही. नवी मालकीण दूर आहे, तिची मर्जी तर राखायची आहे. खंडेराव १८७० मध्ये वारले, म्हणजे पुतळा उभा राहिलेला त्यांनी पाहिलाच नाही. त्यांच्या मागे त्यांच्या पत्नी जमनाबाई. ह्याच जमनाबाईंनी १८७५ साली नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळ हा शेतकऱ्याच्या घरातला मुलगा दत्तक घेतला आणि तो सयाजीराव झाला. १८७२ साली नवे व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक ह्यांच्या हस्ते फोर्टात एस्प्लनेडवर पुतळ्याचं अनावरण झालं. खेड्यातून मुंबईला आलेला माणूस आता राणी बघून जाऊ लागला.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीला मोठा दरबार भरवून तिला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं. अर्थातच ती तिथे नव्हती. त्याच सुमाराला, १८७६ ते ७८ ह्या काळात, दख्खनमध्ये भीषण दुष्काळ होता. सोलापूर, पुणे, नगर, विजापूर ह्या भागांत माणसं आणि गुरं तडफडत होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, दिल्लीच्या त्या झगमगाटात हातमागाच्या पांढऱ्या खादीत जाऊन उभे राहिले. हिरे-मोत्यांच्या राजांमध्ये एक खादीतला माणूस! बाई, हा पुतळा कुणी केला नाही, पण मला तो डोळ्यांसमोर दिसतो.

राणी मनाने वाईट होती का? तसंही सरळ म्हणता येत नाही. पन्नाच्या महाराणींनी एका इंग्रज डॉक्टरीणबाईकडून तिला निरोप पाठवला होता, की इथल्या बायका पुरुष डॉक्टरला दाखवत नाहीत आणि विनाकारण मरतात. तो तिने मनावर घेतला आणि पुढे १८८५ मध्ये लेडी डफरिन ह्यांनी जो निधी उभारला, त्याला पाठबळ दिलं. त्यातून बायकांसाठी दवाखाने निघाले, डॉक्टरणी शिकल्या. पण स्वतःच्या देशातल्या बायकांनी मत मागितलं, हक्क मागितले, की हीच राणी संतापायची. स्वतः राज्य करणारी बाई, आणि बायकांनी घरात राहावं असं म्हणणारी! असल्या बायका आपल्या ओळखीतही असतात. पुढे १८८७ पासून आग्र्याच्या अब्दुल करीमकडून ती हिंदुस्थानी शिकू लागली, उर्दू लिपीत गिरवू लागली. म्हातारपणी पाटी-पेन्सिल घेऊन बसलेली सम्राज्ञी. हे तिच्या एकाही पुतळ्यात नाही.

आता तिचा देह बघा. २००८ साली इंग्लंडमध्ये तिच्या आतल्या चड्डीचा लिलाव झाला. हो, लिलाव! कमरेचा घेर ५० इंच. उंची पाच फुटांच्या आत आणि घेर ५० इंच. संधिवाताने गुडघे धरलेले, डोळ्यांना नीट दिसत नाही. जड मुकुट डोक्यावर सोसवत नाही म्हणून तिने विधवेच्या टोपीवर बसेल असा अगदी छोटा, चार इंचांच्या आतला हिऱ्यांचा मुकुट करून घेतला होता. म्हातारपणीच्या पुतळ्यांत तोच दिसतो. शिल्पकारांनी तिचा जाडेपणाही कामी आणला. भरपूर मोठा झगा, खाली पसरलेला, बाई जणू डोंगर. तरुण राणी देवता झाली होती, म्हातारी राणी सगळ्या साम्राज्याची आजी झाली.

अशा वेळी तिच्या लुईझने तिचा जो पुतळा केला, तो मला सगळ्यांत वेगळा वाटतो. लुईझचं १८७१ साली लग्न झालं होतं, नवऱ्याबरोबर ती कॅनडात राहून आली होती, मूलबाळ झालं नाही. छिन्नी तिने सोडली नव्हती. राणीच्या गादीला पन्नास वर्षं झाली म्हणून केन्सिंग्टनच्या लोकांना पुतळा हवा होता आणि तो लुईझने केला. १८९३ मध्ये स्वतः राणीच्याच उपस्थितीत त्याचं अनावरण झालं. समोर बसलेली आई चौऱ्याहत्तर वर्षांची, विधवा, थकलेली. लुईझने मात्र पांढऱ्या संगमरवरात बसवली ती राज्याभिषेकाच्या वेषातली तरुण मुलगी. आणि तो पुतळा उभा आहे नेमका त्या केन्सिंग्टन राजवाड्यासमोर, जिथे त्या मुलीला हात धरल्याशिवाय जिना उतरू देत नव्हते. लुईझने आपल्या आईला त्या वयात पाहिलंच नव्हतं. आपण तरी आपल्या आईला अठराव्या वर्षी कुठे पाहिलेलं असतं? एखादा पिवळा पडलेला फोटो असतो, तेवढाच.

तीनच वर्षांनी मुंबईतल्या पुतळ्याची गोष्ट घडली. ऑक्टोबर १८९६ मधल्या एका रात्री कुणीतरी राणीच्या पांढऱ्या तोंडाला डांबर फासलं आणि गळ्यात चपलांचा हार घातला. सकाळी मुंबईत एकच गलका. पोलिसांनी आकाशपाताळ एक केलं, पण सापडलं कुणी नाही. ते काम चिंचवडच्या दामोदर चाफेकरांचं आणि त्यांच्या भावाचं होतं, हे पुढे दामोदरांनीच तुरुंगात लिहिलेल्या हकिकतीतून कळलं. लंडनची राणी त्यांच्या हाती लागणार नव्हती. पण सरकारने तिला आपणहून इथे आणून, सगळ्यांना दिसेल अशा जागी बसवून ठेवलं होतं. जिच्या दगडाला मुजरा करायचा, तिच्याच दगडाला काळंही फासता येतं.

डांबर काही केल्या निघेना. संगमरवर हा दिसायला कठीण असला तरी डाग पिणारा दगड आहे, ओट्यावर हळद सांडलेली बाई हे सांगेल. घासावं तर झिलई जाते, ॲसिड लावावं तर दगडच खाल्ला जातो. शेवटी त्रिभुवनदास गज्जर ह्या गुजराती रसायनशास्त्रज्ञांनी ते डाग काढून दिले आणि त्यांचं नाव झालं.

पुढचं आपल्याला शाळेपासून माहीत आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग. रँडसाहेबाचे सोल्जर घराघरांत शिरत होते, स्वयंपाकघरात, देवघरात. बायाबापड्यांना तपासणीसाठी बाहेर काढलं जात होतं. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीला राणीच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षाचा समारंभ होता, आतषबाजी होती. तिथून परतताना दामोदर आणि बाळकृष्ण ह्यांनी रँड आणि आयर्स्ट ह्यांच्यावर गोळ्या झाडल्या. राणीच्या नावाचा उत्सव आणि ही रात्र एकच. १८९८ आणि १८९९ ह्या दोन वर्षांत दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव, तिघं भाऊ फासावर गेले. एका आईचे तीन मुलगे. त्या माउलीचा पुतळा कुणी करून ठेवला असता, तर तिच्या चेहऱ्यावर काय दाखवलं असतं?

२२ जानेवारी १९०१ रोजी व्हिक्टोरिया ऑस्बॉर्न हाउसमध्ये वारली. ८१ वर्षांची. ६३ वर्षं राज्य केलेलं. आपल्या शवपेटीत काय काय ठेवायचं ह्याची तिने आधीच यादी करून ठेवली होती. अल्बर्टचा घरात घालायचा झगा, आणि त्याच्या हाताचा प्लास्टरचा ठसा. चाळीस वर्षं काळ्यात वावरलेल्या बाईला शेवटी पांढरे कपडे नेसवले, वर लग्नातली ओढणी.

आणि मग तो पुतळा आठवला, मारोकेटीने केलेला. तो शोधायला गेले तर सापडेना! शिल्पकार १८६७ मध्येच मेलेला. कुणालाच ठाऊक नाही. अखेर एका म्हाताऱ्या कामगाराला आठवलं, की बऱ्याच वर्षांपूर्वी विंडसर किल्ल्यातल्या एका भिंतीच्या आड तो चिणून ठेवला होता. भिंत फोडली, आत राणी होती. गालावर सुरकुती नाही, बेचाळिशीतली, मान नवऱ्याकडे वळवून वाट बघत असलेली. तिला नेऊन फ्रॉगमोरला अल्बर्टच्या शेजारी निजवलं. आत पेटीत एक्याऐंशी वर्षांची म्हातारी, वर दगडात नवऱ्याच्या वयाची बायको.

तिच्या मरणानंतर पुतळ्यांचं पीक आणखी फोफावलं. लंडनला बकिंगहॅम राजवाड्यासमोर थॉमस ब्रॉकने केलेलं स्मारक १९११ मध्ये उघडलं. त्यातली बसलेली राणी एकाच दगडातून काढलेली आणि सुमारे १३ फुटांची. पाच फुटांच्या आतली बाई बसून १३ फूट! कोलकात्याला मकराण्याच्या संगमरवराचं व्हिक्टोरिया मेमोरियल १९२१ मध्ये लोकांना खुलं झालं. त्याच्या मधल्या दालनात ब्रॉकचाच पुतळा आहे, आणि तिथे ती पुन्हा तरुण आहे.

लुईझ १९३९ पर्यंत जगली, एक्याण्णव वर्षांची होऊन गेली. तिची गुरू मेरी, तिच्या मुलीचं लग्न पुढे ससून घराण्यातल्या मुलाशी झालं. हे ससून म्हणजे आपल्या मुंबई-पुण्याचेच, पुण्यातलं ससून रुग्णालय ज्यांच्या देणगीतून उभं राहिलं ते. त्या मुलाचे आजोबा डेव्हिड ससून ह्यांनी मुंबईला अल्बर्टचा संगमरवरी पुतळा दिला होता. तोही मॅथ्यू नोबलचाच.

मुंबईच्या एस्प्लनेडवरची राणी स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं जागेवर होती. १९६५ मध्ये तिला तिथून हलवलं आणि भायखळ्याला राणीच्या बागेत आणलं. बाग आता वीरमाता जिजाबाई भोसले ह्यांच्या नावाने आहे आणि शेजारचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय झालं आहे. मुलांना सुट्टीत पेंग्विन दाखवायला मुंबईला नेलंत, तर दहा मिनिटं काढून ह्या संग्रहालयाकडेही वळा. आत सोनेरी-हिरव्या दालनात अल्बर्टसाहेब उभे आहेत, डोक्यावर छप्पर, भोवती काचेची कपाटं. आणि राणी बाहेर आवारात, झाडांखाली, पावसापाण्यात. घारापुरीहून आणलेला दगडी हत्तीही तिथेच आवारात आहे. दोघांना घडवणारा एकच, मधे फक्त संग्रहालयाची भिंत.